वहिनीचे पॉइंट परत आले

क्रेडिट कार्ड म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा मंचरला कपड्याच्या दुकानाबाहेर एक पोरगा टेबल मांडून बसला होता. म्हणे ताई, कार्ड फुकट, पॉइंट भरपूर, वर्षातून एकदा अख्खी फॅमिली फुकटात फिरून येईल. मी त्याला असं काही फाडून बोलले की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण फॅमिली फुकटात कशी फिरून येते ते आमच्या घरानं करून बघितलंय, आणि तो घास माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

आमचं घर अवसरी बुद्रुकला. सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांचा मुलगा, आमचे हे, मी आणि आमची दोन पोरं, एवढी माणसं एका घरात. शेती आणि गाई भाऊजी, म्हणजे थोरले दीर बघतात. आमचे हे चाकणला कंपनीत जातात. मी कळंबची, जाऊबाई डिंगोऱ्याच्या. मी त्यांना ताई म्हणते. माझ्या सख्ख्या बहिणीशी पटत नाही तेवढं माझं ताईंशी पटतं, कारण त्या कमी बोलतात आणि मी दोघींच्या वाटचं बोलते.

ताईंची नजर कमी व्हायला लागली तेव्हा घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, मोतीबिंदू. आणि आमच्याकडं मोतीबिंदू लगेच काढत नाहीत, आधी पिकू देतात. सासऱ्यांचा पिकल्यावर काढला, सासूबाईंचा पिकल्यावर काढला, मग ताईंचा कच्चा कसा काढायचा? तर तो डॉक्टरला न दाखवताच पिकायला ठेवला. ताई दाराच्या चौकटीला खांदा धडकवायच्या, ताटाच्या कडेची चटणी त्यांना दिसायची नाही, आणि घरातली माणसं म्हणायची, पिकत आलाय वाटतं. शेवटी पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाहीच, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नसते. थेंब घाला, उरलीय ती टिकवायचा प्रयत्न करू, पण फार दिवसांचा भरवसा मी देत नाही. यांना काही बघायची हौस असेल तर आताच दाखवून आणा.

येताना गाडी राजगुरुनगरच्या गर्दीत अडकली. भाऊजी पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी मान मागं न वळवताच ताईंना विचारलं, तुला काय बघायचंय? एवढ्या वर्षांत त्यांनी ताईंना असा काही प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नव्हता. मला वाटलं ताई म्हणतील काही नको, आता घरी चला, धारा काढायच्यात.

"बर्फ," ताई म्हणाल्या. "टीव्हीत लई बघितलाय. खरा कसा असतो ते बघायचंय."

आमच्या ह्यांना हसू आलं. भाऊजी हसले नाहीत. जाऊ, एवढंच म्हणाले, आणि त्यांना खरंच जायचं होतं. मी उगाच कुणाला खोटं ठरवत नाही.

पैसे नव्हते असंही नाही. त्या साली कांद्यानं हात दिला होता. पण आमच्यात बायकोच्या हौसेसाठी पैसा मोडणारा माणूस चेष्टेचा धनी होतो. पाइपलाइनीला घाला, गाईला घाला, पाहुण्यांच्या लग्नात आहेराला घाला, कुणी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. बायकोला बर्फ दाखवायला नेलं म्हटल्यावर मात्र रोज सकाळी डेअरीवर दूध घालताना ऐकून घ्यावं लागणार. काय राव, हनिमून का? भाऊजींना बिबट्याची भीती वाटत नाही एवढी त्या डेअरीवरच्या टोळक्याची वाटते.

तिथं आमचे हे मध्ये पडले. म्हणाले, दादा, एक रुपया खर्चायचा न्हाई, पॉइंटवर जाऊ. कार्डानं खरेदी केली की पॉइंट मिळतात, पॉइंटवर विमानाचं तिकीट मिळतं, हॉटेल मिळतं. भाऊजींचा चेहरा असा मोकळा झाला म्हणून सांगू. फुकट म्हटलं की हौस ही हौस राहत नाही, ती हुशारी होते. डेअरीवर छाती पुढं काढून सांगता येते.

मग आमच्या घरात कार्डांचा अभ्यास सुरू झाला. कंपनीतली दोन पोरं आणि मोबाइलवर हिंदी बोलणारा एक दाढीवाला, हे आमच्या ह्यांचे गुरू. कामावरून आले की चहा बाजूला आणि मोबाइल कानाशी. एक कार्ड विमानाच्या तिकिटाला बरं, पण त्याची वर्षाची फी भारी. दुसऱ्याची फी माफ होते, पण त्यासाठी एवढा मोठा खर्च करून दाखवावा लागतो की आमच्या अख्ख्या घराचा मिळूनही होईना. तिसरं सगळ्यावर पॉइंट देतं, फक्त डिझेलवर नाही, आणि आमच्या घरात ट्रॅक्टरच्या डिझेलइतका खर्च दुसऱ्या कशावर होत नाही. खताच्या दुकानात कार्ड दिलं तर दुकानदार वर पैसे मागायचा. चौथ्याचे पॉइंट विमान कंपनीकडं वळवले की दीडपट होतात म्हणे, पण ते वळवल्यावर परत फिरवता येत नाहीत. जेवताना हे भाकरीचे तुकडे ताटात मांडून भाऊजींना समजावायचे, हा तुकडा आपला खर्च, हा पॉइंट, हा वळवलेला पॉइंट. भाऊजींनी एकदाच प्रश्न विचारला, पॉइंट ठेवून दिले तर सडतात का? हे म्हणाले, सडतात, मुदत असती. भाऊजी म्हणाले, मग कांद्यासारखंच हाय की. त्यांना तेवढ्यात सगळं समजलं.

ताई चुलीपुढं बसून ऐकायच्या. मी विचारायचे, ताई, काही कळतं का? त्या म्हणायच्या, मला काय करायचंय कळून, नेतील तवा जायचं.

शेवटी दोन कार्डं निघाली आणि आमच्या ह्यांना नादच लागला. गावात कुणाला काही घ्यायचं असलं की हे पुढं. कुणाचा टीव्ही, कुणाच्या ठिबकच्या नळ्या, भावकीतल्या लग्नाचं सोनं, सगळं ह्यांच्या कार्डावर. लोक रोख आणून द्यायचे, हे बँकेत भरायचे. पैसे कुणी बुडवले नाहीत, ते खोटं कशाला सांगू. पण माणूस बदलत चालला. भावकीतला एकजण गाडीवरून पडून पुण्याला ॲडमिट होता. हे भेटायला गेले ते त्याचं बिल कार्डानं भरूनच आले. दारात चपला काढता काढता म्हणाले, एका फटक्यात निम्म्या तिकिटाचे झाले. मी विचारलं, माणूस कसा आहे? म्हणाले, हां, बरा आहे, पाय काढावा लागला. मी हातातला पाण्याचा तांब्या तसाच परत आत नेला. म्हटलं आज तुमचं पाणी तुम्हीच घ्या.

पहिल्यांदा जायचं ठरलं ते चौघांचं, थोरली दोघं आणि आम्ही दोघं. मग पोरांना कुठं ठेवणार म्हणून पोरं आली. मग सासूबाई म्हणाल्या, मी काय मेले का? त्याही आल्या. मग कुणीतरी नणंदांचं नाव काढलं. दोन नणंदा, एक नारायणगावला दिलेली, एक घोडेगावला. लेकींना टाकून सुना विमानात बसल्या असं कुणी म्हणायला नको. नणंदा म्हटल्या की त्यांचे नवरे, नवरे म्हटले की त्यांची पोरं. प्रत्येक वेळी पॉइंट जमत आले की माणसं वाढायची, माणसं वाढली की हे पुन्हा मोबाइल घेऊन बसायचे. आमच्या घरात जायचं तर सगळ्यांनी नाहीतर कुणीच नाही. देवाला जायचं असो नाहीतर लग्नाला, हीच रीत आहे, आणि एरवी मला ती आवडते. पण रीतीला डोळ्यांची घाई कुठं कळते?

त्यात बर्फ असतो थंडीत आणि थंडीत आमच्याकडं कांद्याची लागण असते. लागण उरकून जायला मोजकेच दिवस उरतात. पहिली थंडी नणंदेच्या पोरांच्या परीक्षेत गेली. ताईंच्या थेंबांच्या बाटल्या संपत होत्या, नव्या येत होत्या. सुईत दोरा ओवायला त्या मला हाक मारायला लागल्या. मग तांदूळ निवडायचं काम त्यांच्याकडून मी काढून घेतलं, काही न बोलता. त्यांनीही विचारलं नाही.

एक दिवस सगळे जेवायला बसलेले असताना मी बोलले. म्हटलं, भाऊजी, तुम्ही आणि ताई दोघंच जा. रेल्वेनं जा, विमान नको की पॉइंट नको. चार दिवस गाई मी बघते. सासूबाई म्हणाल्या, ह्या वयात नवरा-बायको दोघंच हिंडायला? पोरगं लग्नाला आलंय. भाऊजींनी ताटातच हात धुतला आणि उठून गोठ्याकडं गेले. आमचे हे नंतर माझ्यावर उखडले, दादाला सगळ्यांपुढं खाली बघायला लावलंस म्हणाले. मी म्हटलं, खाली का होईना, त्यांना दिसतं तरी.

स्वयंपाकघरात ताईही मलाच समजवायला लागल्या. कशाला बोलतीस, सगळ्यांसंग गेलं की बरं असतं, मागं कुणी नाव ठेवत न्हाई. मला त्यांचाही राग आला. एवढं सोसणंही बरं नव्हे. म्हटलं, ताई, डोळे काय सगळ्यांचे मिळून आहेत का? त्या भांडी लावत राहिल्या.

पुढच्या पावसाळ्यानंतर ऊस वाढला आणि बिबट्या पुन्हा वस्तीच्या जवळ यायला लागला. आमच्याकडं तिन्हीसांजेला पोरं आत घेतात, गोठ्याला जाळी असते. एका संध्याकाळी ताई धार काढून लवकर आल्या नाहीत म्हणून मी बाहेर बघायला गेले. त्या अंगणाच्या मध्ये बादली घेऊन उभ्या होत्या. ना घराकडं तोंड, ना गोठ्याकडं. नुसत्या उभ्या. मी जवळ गेले तशी त्यांना माझी चाहूल लागली.

"लाइट गेली का गं?" त्यांनी विचारलं.

लाइट होती. अंगणातला मोठा दिवा त्यांच्या डोक्यावरच लागला होता. मी त्यांच्या हातातली बादली घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला आणि घरात आणलं. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता. किती वेळ उभ्या होत्या ते त्यांनी मला सांगितलं नाही.

मी घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. भाऊजी म्हणाले, ह्या थंडीला जायचंच. आमचे हे म्हणाले, थोडेच कमी पडतायत, दिवाळीला खरेदी झाली की पुरतील. दिवाळी झाली. आता शेजारचा ट्रॅक्टरचे टायर घेणार होता, तेवढे आले की बुकिंग. मी त्या काळात रोज कुणाशी ना कुणाशी भांडत होते. पोरं मला घाबरायला लागली होती.

मग एक दिवस हे कंपनीतून आले ते तोंड उतरलेलं. बँकेचा मेसेज आला होता. पुढच्या महिन्यापासून नियम बदलणार, त्याच पॉइंटवर निम्मंच तिकीट मिळणार. हे जेवले नाहीत. मोबाइल घेऊन बसले, नणंदांना फोन केले, सगळ्यांची आधार कार्डं मागवली, कमी पडत होते तेवढ्याला रोख घातले, आणि पोरं झोपायच्या आत सगळं बुकिंग झालं. पुण्याहून विमानानं दिल्ली, तिथून गाडीनं मनाली. ताईंचे डोळे चालले म्हणून जे दोन वर्षं झालं नाही ते पॉइंटची किंमत चालली म्हटल्यावर एका संध्याकाळात झालं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी मोरीत जाऊन रडले.

तिकिटं होती लागणीनंतरची. तोवर ताईंना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. माणूस समोर आला की सावली हलल्यासारखी हलते म्हणायच्या. माझी पावलं त्या ओळखायच्या, ह्यांची मोटारसायकल ओळखायच्या, गाई तर शिंगाला हात लावून ओळखायच्या. घरात सगळे जणू काही झालंच नाही असं वागत होते. नणंदांनी स्वेटर घेतले. ताईंसाठीही एक लाल स्वेटर आणला, रंग त्यांना शोभून दिसेल म्हणाल्या.

जायला आठवडा राहिला तेव्हा ताईंनी सांगितलं की मी येत नाही. भाऊजी उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी वर बघितलंच नाही, म्हणाले, तू न्हाई तर मी पण न्हाई.

"तुमी न्हाई गेला तर आत्याबाई जायच्या न्हाईत, पोरी जायच्या न्हाईत," ताई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासूबाई, पोरी म्हणजे नणंदा. "माझ्यासाठी जमवलं ना? मग वाया कशाला घालवता? मला धरायला एक माणूस अडकून पडंल. आन् गाईंना कोन?"

भाऊजींनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मला वाटलं आता तरी हा माणूस काहीतरी करील. हाताला धरून नेईल, नाहीतर सगळंच मोडून टाकील. त्यांनी बूट उचलले, कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि जायला तयार झाले. मी सांगितलं मीही जात नाही. कुणी फारसा आग्रह केला नाही. गाईंना दोन माणसं लागतातच.

ह्यांनी आमची दोन तिकिटं रद्द केली. मी चपात्या लाटत होते. हे मोबाइल दाखवत स्वयंपाकघरात आले, तोंडावर हसू, सुटल्यासारखं.

"वहिनीचे पॉइंट परत आले," म्हणाले. "तुझे पण. एक कापला न्हाई."

त्या दिवशी मी ह्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. ताई बाहेर ओट्यावर होत्या आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं, म्हणून मी थांबले. हे अजून म्हणतात माझं काय चुकलं, पॉइंट गेले असते तर बरं झालं असतं का? ह्या माणसाला मी कसं समजावणार? त्यानं वाईट काहीच केलेलं नाही. कुणीच काही वाईट केलेलं नाही. म्हणूनच माझं डोकं फुटायची वेळ येते, कारण भांडायला समोर कुणी उभंच राहत नाही.

सगळे पहाटे दोन गाड्या करून पुण्याला गेले. घर रिकामं झालं. आम्ही दोघींनी धारा काढल्या, दूध डेअरीला घातलं, पिठलं-भाकरी केली. डेअरीवर मला एकानं विचारलं, काय वहिनी, तुमाला न्हाई नेलं? मी म्हटलं, आमाला बर्फाचं वावडं हाय. तो हसला. घरी येऊन ताईंना सांगितलं तर त्याही हसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला. ताई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी फोन उचलला. आधी नुसतं पांढरं हललं, मग भाऊजींचं थंडीनं लाल झालेलं नाक दिसलं. मागं पोरांचा आरडाओरडा चालला होता. मी फोन ताईंच्या समोर धरला. भाऊजींना भान राहिलं नव्हतं, की भान न ठेवायचंच ठरवून ते तिथं उभे होते, मला सांगता येणार नाही.

"हे बघ. बर्फ," भाऊजी म्हणाले. "दिसतोय का गं?"

ताईंनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आवाजाच्या बाजूला तोंड वळवलं.

"दिसतोय की," त्या म्हणाल्या. "लई पांढरा हाय."

भाऊजींनी वाकून बर्फ हातात घेतला आणि फोनपुढं धरला, म्हणाले, हा बघ, हातात घेतलाय. ताई म्हणाल्या, दिसला, टाका खाली, बोटं गारठतील. भाऊजी आणखी काही बोलायला गेले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. रेंज गेली. मग चित्र गेलं, स्क्रीन काळी झाली.

ताईंना ते कळलं नाही. त्या फोनकडं तोंड करून बोलतच होत्या. कानाला बांधा काहीतरी. आत्याबाईंना लांब नेऊ नका, पाय घसरंल. केवढा पसरलाय बया, पार डोंगरापत्तोर हाय की. झाडांवर पन हाय. मला नीट दिसतंय हां, तुमी काळजी करू नका.

मी फोन तसाच त्यांच्यापुढं धरून उभी राहिले, त्यांचं बघून होईपर्यंत.